चकती काकांची, हात काकूंचा

पाण्याखाली माणसाला बोलता येत नाही असं ज्याने कोणी ठरवलं, त्याची आणि काकूंची गाठ पडलेली नसणार. तोंडात रबरी नळी, नाकाडोळ्यांवर काच, डोक्यावर सहा मजले पाणी, तरी काकूंचं चालूच. "अहो, तो निळा बघा. तो नव्हे, त्याच्या पलीकडचा. मान वळवा की जरा! वेंधळे ते वेंधळेच." यातलं एक अक्षर कोणाला ऐकू यायचं नाही. नुसते बुडबुडे वर जायचे, तीन बारीक आणि एक मोठा, तीन बारीक आणि एक मोठा. काकांना मात्र सगळं कळायचं. अडतीस वर्षं संसार केल्यावर मोठा बुडबुडा म्हणजे 'वेंधळे' एवढंही कळू नये, इतके काही ते दगड नव्हते.

काका लिफ्टचे मेकॅनिक. उभा जन्म त्यांनी वर जाण्यात आणि खाली येण्यात घालवला, त्यामुळे खोली ते मीटरमध्ये मोजत नसत, मजल्यांत मोजत. पाण्याशी त्यांचं वाकडं नव्हतं, पण पाण्याची जागा बादलीत, हे त्यांचं मत पक्कं होतं. काकू एका वाचनालयात ग्रंथपाल. दिवसाचे आठ तास ओठांवर बोट ठेवून काढायचे आणि साठलेलं सगळं घरी आणून ओतायचं, अशी त्यांची नोकरी. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्या पोहायला शिकल्या, तेही सहा वर्षांच्या पोरांच्या वर्गात. पोरं घाबरून काठ धरून बसली तेव्हा काकूंनी अशी काही उडी मारली म्हणतात, की तलावातलं निम्मं पाणी बाहेर आलं आणि उरलेल्यात पोरांचे पाय टेकले. त्यानंतर त्यांनी सिलिंडर पाठीवर बांधला, तो काही उतरवलाच नाही.

आणि एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, जोडीदार हवाच, हा या खेळाचा नियम. मग जोडीदार कोण? काकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिसरं कोणी नव्हतं.

तर ही जोडी आठ दिवसांच्या सफरीवर निघाली होती. सफर म्हणजे बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं, बोटीवरच झोपायचं, आणि दिवसातून तीन वेळा बोटीच्या मागच्या फळीवरून पाण्यात उडी टाकायची. केबिन अशी, की काकूंनी कपाटाचं दार उघडलं की काकांना बाहेर डेकवर जाऊन उभं राहावं लागे. बिछाने एकावर एक. वरचा काकांनी घेतला, कारण उंचीची सवय. पहिल्याच दिवशी सिलिंडर भरायच्या मशीनजवळ कान लावून ते खलाशाला म्हणाले, "पट्टा सैल आहे." पट्टा निघाला सैल. तेव्हापासून बोटीवरचे बाकीचे दहा पाहुणे आणि सगळे खलाशी त्यांना 'काका' म्हणू लागले, आणि काका म्हटल्यावर काकू आल्याच.

बोटीची मालकीण आणि कप्तान एकच, कप्तानबाई. बाई बारीक अंगाची, पण आवाज असा की भोंगा बिघडला तरी बोटीचं अडू नये. पहिल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना शिडीजवळच्या फळ्यापुढे उभं केलं. फळ्यावर बारा खिळे, प्रत्येक खिळ्याला एक चकती, चकतीवर आकडा. एक बाजू लाल, एक पांढरी.

"पाण्यात जाताना लाल करायची, वर आलात की पांढरी," कप्तानबाई म्हणाल्या. "आपली चकती आपल्या हाताने. नवऱ्याची नवऱ्याने, बायकोची बायकोने. बाराच्या बारा पांढऱ्या दिसल्या की मी हाक मारणार आणि इंजिन चालू करणार. ज्याच्यामुळे चकती चुकेल त्याची पुढची डाइव्ह बंद. रडायचं नाही, भांडायचं नाही. कळलं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांत जोरात काकूंची हलली. काकांच्या वाटणीचीही त्यांनीच हलवली.

कारण काकांच्या वाटणीचं बरंच काही काकूच करत. न्हावी विचारायचा, "किती बारीक?" आणि बाकावर बसलेल्या काकू सांगायच्या, "कानावरून." लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर दोघांची नावं काकूंच्या अक्षरात. डॉक्टर काकांच्या पोटावर हात दाबून "दुखतंय?" म्हणाले, की "दुखतंय, उजवीकडे" हे उत्तर खुर्चीतून यायचं, आणि बरोबर असायचं, ही त्यातली खरी कमाल. काकांची काही तक्रार नव्हती. लिफ्टमध्ये एकाने बटण दाबलं असताना दुसऱ्याने पुन्हा दाबायचं नसतं, एवढंच ते म्हणायचे.

या सगळ्या सफरीत काकूंचं खरं लक्ष एकाच सकाळवर होतं, शेवटच्या. त्या सकाळी बोट एका बुडालेल्या खडकापाशी थांबणार होती. तिथे मांटा येतात. मांटा म्हणजे आपल्या पाकट माशाचा खापरपणजोबा, पंख पसरले तर दोन मोटारी झाकल्या जातील एवढा. तो येतो अंग साफ करून घ्यायला. बारीक मासे त्याच्या अंगावरची घाण टिपतात, आणि हा आपला सलूनमध्ये बसल्यासारखा निवांत तरंगतो. काकूंनी वाचनालयात टेबलाच्या काचेखाली त्याचं चित्र चार वर्षं ठेवलं होतं. पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला दंड नको असेल, तर त्याने चित्राकडे बघून "अरे वा" म्हणायचं, हे सगळ्या सभासदांना ठाऊक होतं.

सातव्या दिवशी दुपारी घोळ झाला.

दोघं बरोबर वर आली. येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. ते काकांना फार पटे, म्हणत, "दोन मजल्यांच्या मधे मुद्दाम थांबणारी लिफ्ट पहिल्यांदाच बघतोय, पण विचार चांगला आहे." शिडीशी आल्यावर काकांनी पायातला पोहायचा पंख काढला आणि तो हातातून निसटला. रबराचा पिवळा पंख, तरंगत निघाला प्रवाहाबरोबर.

"तू हो वर," काका म्हणाले. "मी हा घेऊन आलोच."

काकू वर गेल्या. स्वतःची चकती पांढरी केली. मग त्याच हाताने, त्याच दमात शेजारची केली. न्हाव्याला सांगितलं होतं तसंच, पाकिटावर लिहिलं होतं तसंच. हाताने केलं, डोक्याला पत्ताच नाही.

"आले का सगळे?" वरून कप्तानबाईंची हाक आली.

"आलो, आलो!" काकूंनी दोघांच्या वतीने ओ दिली आणि त्या टॉवेल शोधायला आत गेल्या.

इंजिन धडधडलं. बोट निघाली.

काका पंख पकडून वळले, तर समोर बोटीची पाठ. आता तुम्ही-आम्ही असतो तर बोंब मारली असती. काकांनी मारली नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना त्यांनी चाळीस वर्षं बाहेरून एकच गोष्ट ओरडून सांगितली होती: "हलू नका, दार ओढू नका, घंटी एकदाच वाजवा, मी येतोय." ते हलले नाहीत. अंगातलं जाकीट फुगवलं, खुणेचा नारिंगी फुगा उभा केला, शिट्टी एकदा वाजवली, पंख पोटावर घेतला आणि आभाळाकडे तोंड करून पडून राहिले. थोड्या वेळाने एक समुद्रपक्षी येऊन फुग्याच्या टोकावर बसला. त्याला ते टोचलं, म्हणून काकांच्या डोक्यावर बसला. काकांनी हाकलला नाही. सोबतीला तेवढाच होता.

इकडे बोटीवर काकूंनी दोन कप चहा केला. एक स्वतः घेतला, एक टेबलावर ठेवला, आणि सहाव्या डाइव्हला दिसलेल्या कासवाची गोष्ट दाताच्या डॉक्टरांना सातव्यांदा सांगायला घेतली. हे दाताचे डॉक्टर म्हणजे बोटीवरचे हौशी फोटोवाले. मोठा कॅमेरा घेऊन पाण्यात उतरायचे आणि दिसेल त्या माशाला तोंड उघडायला लावायचे. गोष्ट कासवाच्या शेपटीपर्यंत आली आणि काकूंची नजर दुसऱ्या कपावर गेली. चहावर साय धरली होती.

काकांच्या चहावर साय! ज्या माणसाने आयुष्यात चहा उकळता सोडून कधी प्यायला नाही, चहा टेबलाला टेकायच्या आत ज्याचा कप रिकामा, त्याच्या चहावर साय.

काकू उठल्या. केबिन पाहिली, न्हाणीघर पाहिलं, मशीनची खोली पाहिली. मग फळ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. बाराच्या बारा पांढऱ्या. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"कप्तानबाई," त्या म्हणाल्या, "वळवा." एवढंच म्हणाल्या. त्यांचं एका शब्दात आटोपलेलं ते पहिलंच वाक्य. कप्तानबाईंनी पुढे काही विचारलं नाही, सरळ सुकाणू फिरवलं.

परतीच्या वीस मिनिटांत काकू बोटीच्या टोकाला उभ्या होत्या आणि तोंडातून शब्द नाही. खलाशी सांगतात, ती शांतता ऐकून मासे पाण्याबाहेर येऊन बघत होते. शेवटी नारिंगी ठिपका दिसला. ठिपक्याखाली पक्षी, पक्ष्याखाली काका.

वर ओढून घेतल्यावर काकूंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं आणि मग वीस मिनिटांचं तुंबलेलं सगळं एकदम सुटलं. "पंख गेला तर गेला! पंख का काढला? आणि काढला तर सोडला कशाला? मी काय, मी मेली मूर्खच, पण तुम्ही तरी..." आणि मधेच रडायला लागल्या.

"अगं, थांब, ऐक तरी," काका त्यांचे हात धरून म्हणाले. त्यांचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते. "तो आला होता. तुझा तो. माझ्या खालून गेला. मी तोंड पाण्यात घातलं तेव्हा एकच बाजू दिसली. एक पंख, पांढरी कड. अर्धाच दिसला गं. उद्या सबंध बघायचा. आपण दोघांनी. उद्या काही झालं तरी बघायचा!"

सात दिवस काका पाण्यात उतरत होते ते दात आवळून, बायकोखातर. आज पहिल्यांदा त्यांना स्वतःला काहीतरी बघायचं होतं. काकू रडायच्या थांबल्या आणि त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सूप आलं, आणि सुपाबरोबर कप्तानबाई आल्या.

"नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या. "काकू, मला आवडतंय असं नाही. पण आज प्रवाह संथ होता म्हणून निभावलं. उद्याची डाइव्ह तुमची बंद."

काकूंनी मान खाली घातली. "बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "यांना बोटीवरच्या गाइडबरोबर पाठवा. यांना सबंध बघायचाय." आणि सुपात पाव बुडवून तो तसाच विसरल्या.

काकांनी चमचा ठेवला. "कप्तानबाई, चूक माझी आहे."

"तुम्ही तर पाण्यात होतात काका."

"मी सांगितलं होतं हिला, माझीही फिरव म्हणून."

"खोटं!" काकू कडाडल्या. "काही सांगितलं नव्हतं. हे म्हणाले, तू हो वर. एवढंच. खोटं बोलताना यांचा डावा कान हलतो, बघा, बघा हलतोय!"

टेबलावरच्या सगळ्यांनी पाहिलं. हलत होता.

"बरं, सांगितलं नव्हतं," काका कानावर हात ठेवून म्हणाले. "पण कधी नकोही म्हटलं नव्हतं. अडतीस वर्षं माझी चकती हीच फिरवतेय. न्हाव्याकडे, डॉक्टरकडे, सगळीकडे. मला आयतं बरं वाटलं, म्हणून मी गप्प बसलो. लिफ्ट पडली तर आम्ही शेवटचं बटण दाबणाऱ्याला धरत नाही कप्तानबाई, इतकी वर्षं तपासणी न करणाऱ्याला धरतो. हात हिचा होता, सवय मी लावलेली आहे. तुम्हीच म्हणालात, ज्याच्यामुळे चुकेल त्याची बंद. माझ्यामुळे चुकली."

कप्तानबाईंनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. कप्तानबाईंनाही घरी एक नवरा होता, आणि त्याचा न्हावी कप्तानबाईंना चांगला ओळखत होता, असं नंतर खलाशांकडून कळलं.

"काका बसतील," त्या म्हणाल्या. "काकू गाइडबरोबर जातील. आणि यावर आता एक शब्द नको."

एक नव्हे, काकूंनी केबिनमध्ये दोन हजार बोलून घेतले. सगळ्यांचा मथळा एकच, "मी जाणार नाही." काका वरच्या बिछान्यावरून ऐकत होते.

"कोणी तरी बघायलाच हवा ना," शेवटी ते म्हणाले. "अर्धा मी बघितलाय. उरलेला तू बघून ये."

"तुमच्याशिवाय मी कधी उतरलेय का?" खालून आवाज आला, बारीक. "तुम्हाला वाटतं मी मासे बघते. मी निम्मा वेळ तुम्ही आहात ना, हेच बघत असते."

काकांनी वरून हात खाली सोडला. तो थोडा वेळ लोंबकळला, मग पकडला गेला.

सकाळी समुद्र ताटासारखा सपाट होता. काकांनी काकूंच्या पाठीवरची चेन ओढली, सिलिंडरचा वाल्व उघडून सुई बघितली, पट्टे दोनदा ताणले. काकूंनी फळ्यापाशी जाऊन आपली चकती लाल केली. हात सवयीने शेजारच्या खिळ्याकडे निघाला होता, तो त्यांनी वाटेतच मागे घेतला आणि वळून काकांकडे पाहिलं. काकांनी मान डोलावली. गाइडला सगळे टणटण म्हणत, कारण पाण्यात काही दिसलं की तो सिलिंडरवर दांडी आपटून बोलवायचा. टणटणने उडी मारली, त्यामागे काकूंनी, मग बाकीच्या सगळ्यांनी, आणि फळीवर काका एकटे उरले.

चहा समोर आला. सात दिवस ज्या गोष्टीसाठी ते मनात तळमळले होते, की आपण डेकवर बसावं, पाय लांब करावेत, चहा प्यावा, ती आयती हातात होती. पण कप तसाच धरून ते पाण्याकडे बघत बसले.

खाली टणटण धरून बारा माणसं श्वास घेत होती, आणि बारा माणसांचे बुडबुडे वर येऊन फुटत होते. कप्तानबाई म्हणाल्या, "काका, सगळं सारखंच दिसतं हो वरून." पण काकांना सापडले. डाव्या हाताला, खडकाच्या कडेला. तीन बारीक, एक मोठा. तीन बारीक, एक मोठा.

"टणटणला वेंधळा म्हणतेय," काका म्हणाले.

वीस मिनिटं काकू खाली पोहत होत्या आणि काका डेकवरून त्यांच्याबरोबर चालत होते, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. आणि मग एकाएकी मोठा बुडबुडा आला नाही. काकांनी कठडा घट्ट धरला. बारीक आले, एकामागून एक, सारख्या अंतराने, अगदी हळू. पुन्हा तसेच. जणू खाली कोणीतरी ओठांवर बोट ठेवलं होतं. असं एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. अडतीस वर्षांत काकू पाच मिनिटं गप्प राहिल्याचं काकांना आठवत नव्हतं, झोपेतसुद्धा नाही.

"दिसला," काका म्हणाले.

"काय दिसला?" कप्तानबाईंनी पाण्यात वाकून पाहिलं. "कुठे?"

"तिला," काका म्हणाले, आणि थंडगार चहा एका घोटात पिऊन टाकला.

पाऊण तासाने पाण्यातून डोकी वर येऊ लागली आणि एकच गलका उडाला. "पाच! पाच होते!" "पाच नाही, सहा! एक तर माझ्या डोक्यावरून गेला!" दाताचे डॉक्टर शिडीवरच ओरडत होते, "जबडा! काय जबडा होता! एकही दात किडलेला नाही!" टणटणने एवढ्या जोरात दांडी आपटली होती की तिचे दोन तुकडे हातात होते.

सगळ्यांच्या मागून काकू आल्या. काकांनी हात देऊन वर घेतलं. काकूंनी चकती पांढरी केली, फक्त आपली. मास्क काढला. डोळे लाल, गाल ओले, आणि ते सगळं समुद्राचं पाणी नव्हतं.

"काय गं?" काका म्हणाले. "होता?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काल संध्याकाळी लहान पोरासारखे चमकणारे ते डोळे त्यांच्या समोरच होते.

"छे," काकू म्हणाल्या. "काही नव्हतं हो. नुसतं पाणी. तुमचं काहीच चुकलं नाही."

मागे टणटण म्हणाला, "अहो काकू, सहा..." आणि काकूंचा पंख त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. पंख तसा हलका असतो. त्यात काकू होत्या.

"मलाही वाटलंच," काका म्हणाले. "पाणी गढूळ असेल."

"गढूळ! हाताला हात दिसेना."

समुद्र त्या दिवशी इतका नितळ होता, की तळावरचा खेकडा कप्तानबाईंना वरून ओळख दाखवत होता.

जेवायला बसल्यावर दाताचे डॉक्टर कॅमेरा घेऊन आले. "काका, हे बघा! सबंध आलाय, या पंखापासून त्या पंखापर्यंत!" काकूंनी ताटावरून हात लांब करून कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपला रुमाल टाकला.

"डॉक्टर, यांना नका दाखवू. यांचे डोळे आलेत."

"कधी?" डॉक्टर म्हणाले.

"आत्ताच," काकू म्हणाल्या.

काकांनी मुकाट्याने डोळे मिटून घेतले. डॉक्टर बिचारे कॅमेरा पोटाशी धरून दुसऱ्या टेबलाकडे गेले. काकूंनी पाव मोडून काकांच्या हातात दिला. मिटल्या डोळ्यांनी काका तो चावत राहिले, आणि बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले,

"मोठा होता का गं?"

"नव्हताच म्हणते ना!" काकू म्हणाल्या. "आणि होता तो काही एवढा मोठा नव्हता."